कपाटातलं पुस्तक आणि भिंतीवरचा फलक

वाचकाचं पत्र, थोडक्यात: टेक्सासमधल्या एका उपनगरातून एका आईनं लिहिलं आहे. माहेर सांगलीकडचं, अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा, तिथल्या सरकारी शाळेत चौथीत. या वर्षी त्याच्या वर्गाच्या भिंतीवर बायबलमधल्या दहा आज्ञांचा फलक लागला. एका रात्री जेवताना त्यानं विचारलं, "आई, त्यात लिहिलंय की मूर्ती करायची नाही. मग आपण गणपती करतो ते वाईट आहे का?" दर वर्षी तो शाडूचा गणपती स्वतः करतो. आजी, म्हणजे वडिलांची आई, तिथे असली तर तिच्या शेजारी बसून, नसली तर व्हिडिओ कॉलवर तिला विचारत. आईला काही सुचलं नाही. "तू तिकडे लक्ष देऊ नकोस" म्हणून तिनं विषय संपवला. पुढच्या महिन्यात मुलाच्या जिवलग मित्राच्या आईनं शिक्षिकेकडे तक्रार केली, की वर्गातल्या कपाटात हॅरी पॉटरची पुस्तकं आहेत, त्यांत जादूटोणा आहे, ती काढून टाका. मुलाचा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय, त्यानं जादूगारांची थीम ठरवली आहे, आणि त्या मित्राच्या आईनं "आम्ही येणार नाही" असं कळवलंय. नवरा म्हणतो, ग्रीन कार्डचं अजून व्हायचंय, कशातही पडू नकोस. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई म्हणतात, त्यांचं बायबल चालतं तर आपली गीताही शिकवा म्हणावं. पत्रात ओघात हेही आलंय, की मध्यंतरी मुलाला ताप आला तेव्हा सासूबाईंनी मीठमोहरीनं त्याची दृष्ट काढली. पत्रलेखिकेचा प्रश्न: "मित्राच्या या अंधश्रद्धाळू आईला कसं समजावू? आणि तो फलक काढायला लावायचा तर सुरुवात कुठून करू?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रात पुष्कळ माणसं बोलतात. तुमचा नवरा, सासूबाई, त्या मित्राची आई, शिक्षिका. पण उत्तराची वाट एकच जण पाहतोय, तुमचा मुलगा. फलकाचं आणि पुस्तकाचं बघू, त्याला वेळ आहे. त्याच्या प्रश्नाला मात्र दोन महिने होत आले. आधी त्याला उत्तर द्या.

"लक्ष देऊ नकोस" हे आपल्या तोंडून सहज निघतं. कामाच्या गडबडीत, पोळी तव्यावर असताना, मीही माझ्या मुलांना म्हटलंय. पण नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपण विचारू नये ते विचारलं. मग पुढचा प्रश्न तो घरी आणत नाही. त्यानं तुम्हाला विचारलं ही फार चांगली गोष्ट आहे, ते दार उघडं राहू द्या.

त्याला सरळ सांगता येईल. तो फलक एका खूप जुन्या ग्रंथातला आहे. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांना तो पवित्र आहे, आणि त्यांचं त्यांच्या देवाशी काय ठरलंय ते त्यात लिहिलंय. आपल्याकडे देवाला बोलवायची रीत वेगळी आहे. आपण माती मळतो, सोंड करतो, डोळे रेखतो, मग प्राणप्रतिष्ठा करून देवाला म्हणतो की आता इथे ये. दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस तो पाहुणा असतो. मग उत्तरपूजा करून आपण त्याला निरोप देतो आणि माती पाण्यात सोडतो. मुलालाच विचारा, माती हाच देव असता तर आपण ती सोडली असती का? तुकोबांनी मातीच्या महादेवाबद्दल हेच म्हटलंय, की पूजा शिवाला पोचते आणि माती मातीत मिळून जाते. चौथीतल्या मुलाला हे नक्की कळतं. त्यानं तर स्वतःच्या हातानं ती माती मळली आहे.

हे उत्तर शक्यतो सासूबाईंना द्यायला सांगा. गणपती करायला त्याला आजीनं शिकवलंय. शाळेतल्या फलकानं तिच्या हातच्या कामावर प्रश्न उभा केला, तर उत्तरही तिच्याकडूनच यावं. शिवाय "आपली गीता शिकवा" या त्यांच्या म्हणण्यामागे जे दुखणं आहे, म्हणजे नातवाकडे आपलं काही पोचत नाही ही भीती, त्याला यातून खरा उतारा मिळेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी थांबते. 'अंधश्रद्धाळू'. हा शब्द तुम्ही त्या मित्राच्या आईसाठी वापरलात, आणि त्याच पत्रात मीठमोहरी चुलीवर, म्हणजे तुमच्या गॅसवर, तडतडली आहे. तुम्हाला उघडं पाडायला हे लिहीत नाही. आजारी नातवावरून मूठ ओवाळणाऱ्या हातात किती माया असते ते मला माहीत आहे. माझ्या आजीनंही माझी दृष्ट काढली आहे, आणि त्या मोहरीच्या वासानं मला आजही बरं वाटतं. सांगायचं एवढंच, की त्या आईच्या मनात जे चाललंय ते आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

तिच्या बायबलमध्ये, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, शकुन पाहणं, मंत्रतंत्र, चेटूक, मेलेल्यांना बोलावणं यांची यादी आहे आणि देवाला यांचा वीट आहे असं म्हटलंय. ती ते शब्दशः मानते. तिच्या दृष्टीनं जादू खरी आहे आणि ती देवाच्या विरोधातल्या शक्तीकडून येते. मग मुलानं कांडी हातात घेऊन मंत्र म्हणायचा खेळ खेळणं म्हणजे तिला विस्तवाशी खेळणं वाटतं. 'अहो, ती नुसती गोष्ट आहे' असं तुम्ही तिला कितीदाही सांगितलंत तरी उपयोग व्हायचा नाही. तुम्ही गोष्टीबद्दल बोलताय, ती विस्तवाबद्दल बोलते आहे.

मला स्वतःला गोष्टीतल्या चेटकिणीची भीती वाटत नाही. आपण बालनाट्यातल्या चेटकिणीला बघायला मुलांना मुद्दाम पुढच्या रांगेत बसवतो. ती हसली की मुलं आईला बिलगतात आणि घरी आल्यावर पंधरा दिवस तिच्यासारखं हसतात. भीतीला हात लावून बघायची ती सुरक्षित जागा आहे. चेटकिणीच्या नावानं जगात जे खरं नुकसान झालं, ते गोष्टींमुळे झालेलं नाही. ते कुणा जिवंत बाईकडे बोट दाखवून 'ही चेटकीण' म्हणणाऱ्यांमुळे झालं. अमेरिकेतच, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे १६९२ मध्ये १९ जणांना फाशी दिलं, त्यांत १४ बायका होत्या. आपल्याकडे सातपुड्यातल्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण करण्याचे, गावाबाहेर काढण्याचे प्रकार होत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात एखाद्याला करणी करणारा ठरवून त्रास देणं हा गुन्हा आहे. मुलगा थोडा मोठा झाला की त्याला हे जरूर सांगा. पण त्या आईशी बोलताना सेलम काढू नका. तिनं कुणाला फाशी दिलेलं नाही. ती आपल्या मुलाला जपते आहे.

आणि इथेच मला तुमची आणि तिची गोष्ट एक दिसते. आपण समोर नसताना शाळेत आपल्या मुलाच्या कानावर काय पडतं, ही तुम्हा दोघींची काळजी आहे. तुम्हाला फलक खुपतो, तिला पुस्तक खुपतं. म्हणून एकच माप दोन्हीकडे लावून बघा. तिला जो हक्क द्याल तोच तुम्हाला, तुम्ही जो मागाल तोच तिला.

या मापानं मोजलं तर तिच्या तक्रारीचे दोन तुकडे पडतात. 'माझ्या मुलानं ही पुस्तकं वाचू नयेत' हा तिचा हक्क, आणि मला तो पूर्ण मान्य आहे. 'कुणाच्याच मुलानं वाचू नयेत' हे मात्र ती तुमच्या मुलाबद्दल ठरवते आहे. अमेरिकेतल्या कोर्टांपुढे हा प्रश्न आधीच येऊन गेलाय. आर्कान्सामधल्या सीडरव्हिल नावाच्या छोट्या गावात शाळेच्या समितीनं ही पुस्तकं ठेवावीत असं एकमतानं म्हटलं, पण स्कूल बोर्डानं ३ विरुद्ध २ मतांनी ती उघड्या कपाटातून काढली. पालकाची सही असेल तरच मुलाला द्यायची, असं ठरलं. एका मुलीच्या पालकांनी दावा केला आणि २००३ मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या, न्यायाधीशांनी पुस्तकं पुन्हा उघड्या कपाटात ठेवायला लावली. सहीची अटसुद्धा त्यांना चालली नाही, कारण अशा अटीनं पुस्तकावर आणि ते मागणाऱ्या मुलावर शिक्का बसतो.

दुसऱ्या बाजूचंही सांगते. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेरीलंडमधल्या एका प्रकरणात मुस्लिम आणि ख्रिस्ती पालकांच्या बाजूनं ६ विरुद्ध ३ असा कौल दिला. समलिंगी नात्यांच्या गोष्टी असलेली चित्रपुस्तकं वर्गात वाचली जात होती, आणि आपल्या मुलांना त्या तासाला बाहेर बसू द्यावं असं त्या पालकांचं म्हणणं होतं. खटला चालू असेपर्यंत शाळेनं आधी कळवावं आणि मुलांना बाहेर बसू द्यावं, असं न्यायालयानं सांगितलं. या निकालाबद्दल मतं टोकाची आहेत. मला त्यात एक गोष्ट तुमच्या कामाची वाटते, की मुलाला बाहेर काढायची मुभा मिळाली, पुस्तकं शाळेतच राहिली. ही मुभा त्या आईला आहे आणि तीच तुम्हालाही आहे.

आता फलक. तो आणि ते पुस्तक एकाच पारड्यात घालू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण धर्माशी निगडित नाही. पुस्तक कपाटात असतं. उठून जावं लागतं, कपाट उघडावं लागतं, पान उलटावं लागतं, नको असेल तर मिटता येतं. भिंत मिटता येत नाही. सकाळी आठपासून तीनपर्यंत ती समोर असते. आणि त्या भिंतीवर जे लिहिलंय ते शिक्षिकेचं किंवा कुणा लेखकाचं मत नाही, ते राज्यानं लावायला सांगितलंय. टेक्सासच्या विधिमंडळानं २०२५ मध्ये तसा कायदा केला, १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. फलक किमान १६ इंच रुंद आणि २० इंच उंच हवा, आणि कुणी देणगी म्हणून दिला तर शाळेनं तो लावलाच पाहिजे. त्यातल्या पहिल्या ओळी 'माझ्याशिवाय दुसरे देव मानू नकोस' आणि 'कोरीव मूर्ती करू नकोस' अशा आहेत. खून करू नकोस, चोरी करू नकोस याला कुणाचीच हरकत नसते. पण पहिल्या दोन ओळी तुमच्या देवघराबद्दल बोलतात. तुमच्या मुलानं त्या बरोबर वाचल्या.

हा वाद नवा नाही. केंटकी राज्यानंही एकेकाळी प्रत्येक वर्गात असाच फलक लावला होता, नेमका याच मापाचा, आणि तोही देणग्यांच्या पैशातून. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. मग आता टेक्सासला पुन्हा कसं सुचलं? २०२२ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या मैदानावरच्या प्रार्थनेच्या खटल्यात त्याच न्यायालयानं धर्म आणि सरकार यांच्यातली जुनी कसोटी बाजूला ठेवली. म्हणून १९८० चा निकालही आता टिकणार नाही असा या कायद्याच्या समर्थकांचा हिशेब आहे. टेक्सासमध्ये ज्या पालकांनी याविरुद्ध दावे केले त्यांत ज्यू आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि हिंदूही आहेत. २०२५ मध्येच काही स्कूल डिस्ट्रिक्टना, म्हणजे तिथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थांना, फलक लावायला फेडरल न्यायाधीशांनी मनाई केली आणि प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. तुमच्या डिस्ट्रिक्टला आज काय लागू आहे हे बातम्यांवरून ठरवू नका, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला दोन ओळींची ईमेल करून विचारा. माहिती मागणं म्हणजे भांडण नव्हे.

सासूबाईंच्या मागणीकडे वळते, कारण ती मला तुमच्या वयाच्या पुष्कळ पालकांकडूनही ऐकू येते. 'त्यांचं आहे तर आपलंही असू दे.' ऐकायला न्यायाचं वाटतं. पण शाळेत धर्मग्रंथ आला की पहिलं भांडण होतं ते 'कुणाचा?' यावर, आणि ते घरातल्या घरात होतं. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात दंगली झाल्या, चर्च जळाली, माणसं मेली. दोन्हीकडे ख्रिस्तीच होते. शाळेत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचलं जायचं आणि कॅथलिकांना आपल्या मुलांसाठी आपलं भाषांतर हवं होतं. या दहा आज्ञा घ्या. ज्यू, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट त्या वेगवेगळ्या मोजतात, त्यामुळे पहिली कुठली आणि दुसरी कुठली यावरही एकमत नाही. भिंतीवर लावताना कुणातरी एकाची मोजणी लावावी लागते.

गीतेचंही तेच होईल. सासूबाईंना विचारा, गीता शिकवायची तर ती कोण शिकवणार? जिला कुरुक्षेत्र कुठे आहे ते माहीत नाही अशी शिक्षिका, राज्यानं छापून दिलेल्या चार परिच्छेदांवरून? वारकरी घरातली बाई म्हणेल आम्हाला ज्ञानेश्वरीतून हवी, दुसरं कुणी म्हणेल आमच्या संप्रदायाचं भाषांतर घ्या. महाराष्ट्रातसुद्धा २०२४ च्या शालेय अभ्यासक्रमाच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक आले तेव्हा वाद पेटलाच. मनाचे श्लोक मला पाठ आहेत, मला ते प्रिय आहेत. पण मला ते आईनं तिन्हीसांजेला शिकवले, परीक्षेसाठी नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम २८ नं पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई केली, ती धर्माचा अनादर म्हणून नाही.

इथे कुणी म्हणेल, आम्ही तर कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, आमचं काय बिघडलं? मीही शिकले. सकाळी शाळेत येशूची प्रार्थना, संध्याकाळी घरी रामरक्षा, आणि माझा कधी गोंधळ उडाला नाही. पण ती खासगी शाळा होती, माझ्या वडिलांनी निवडलेली. (आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' नावाची शाळाही बहुधा खासगी असते. तिकडे पब्लिक म्हणजे खरोखरच सगळ्यांची, सगळ्यांच्या करावर चालणारी.) आणि काहीच बिघडलं नाही असंही नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी वारली, तेव्हा एक बाई तिला सहज म्हणाल्या की बाप्तिस्मा न झालेली माणसं स्वर्गात जात नाहीत. ती मुलगी दोन दिवस धड जेवली नाही. प्रार्थना आम्ही सगळे विसरलो, ते एक वाक्य ती आज साठीतही विसरलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की भिंतीवर काय आहे त्याहून वर्गात कोण काय बोलतं याची आधी विचारपूस करा. शिक्षिकेला भेटा. त्या फलकावर वर्गात काही बोलणं झालं का, मुलांनी विचारलं तर त्या काय सांगतात, असं साधं विचारा, आणि तुमच्या मुलाचा गणपतीचा प्रश्न त्यांना सांगा. त्यांना स्वतःलाही तो फलक लावायचा नसेल, ही शक्यता धरून चला. त्यांच्यावर तुमचा राग काढू नका, कायदा त्यांनी केलेला नाही.

पण मुलाला बायबलच्या गोष्टींपासून दूर ठेवू नका. तुमच्या पत्रात तुम्ही 'तसला प्रत्येक तास' चुकवायचा विचार लिहिलाय, तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. टेक्सासच्या शिक्षण मंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी प्राथमिक वर्गांसाठी जो वाचनाचा अभ्यासक्रम मंजूर केला, त्यात बायबलमधला मजकूर बराच आहे. तो ऐच्छिक आहे, पण घेणाऱ्या डिस्ट्रिक्टना दर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा पैसे मिळतात. तो तुमच्या शाळेत आहे का ते विचारून घ्या, धडे मागून वाचा. ते बघायला मागायचा पालकांना कायद्यानं हक्क आहे. वाचताना एकच कसोटी लावा: धडा 'ख्रिस्ती लोक असं मानतात' म्हणतो, की 'असं झालं आणि हे खरं आहे' म्हणतो? पहिलं शिक्षण आहे. तुमचा मुलगा पुढे इंग्रजी साहित्य वाचेल, चित्रं बघेल, तेव्हा नोहाची नाव आणि दावीद-गल्याथ माहीत नसतील तर त्याचंच अडेल. आपल्या पंडिता रमाबाईंनी वर्षानुवर्षं खपून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते ऐकून मराठी घरं विटाळली नाहीत.

ही कसोटी माझ्या मनातली नाही. १९५६ मध्ये पेनसिल्व्हेनियात एलरी शेंप नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं, शाळेत रोज बायबलच्या दहा ओव्या वाचल्या जायच्या तेव्हा, निषेध म्हणून कुराण उघडून मनात वाचलं. त्याच्या कुटुंबाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६३ मध्ये शाळेनं करवून घेतलेलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरलं. पण त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं, की साहित्य म्हणून, इतिहास म्हणून, तटस्थपणे बायबल शिकवायला काहीच हरकत नाही. इतक्या वर्षांनीही मला यापेक्षा चांगली रेघ सापडलेली नाही.

धडा ही रेघ ओलांडत असेल, किंवा वर्गात प्रार्थना करवून घेत असतील, तर टेक्सासच्या शिक्षण कायद्यातच सोय आहे. आपल्या धार्मिक किंवा नैतिक श्रद्धेला बाधा येते असं पालकानं शिक्षिकेला लेखी दिलं, की मुलाला त्या तासापुरतं किंवा त्या उपक्रमापुरतं बाहेर काढता येतं. परीक्षा चुकवायला किंवा अख्खा विषय टाळायला ती वापरता येत नाही. चिठ्ठी चार ओळींची असू दे. कारणमीमांसा नको, टोमणा नको. आणि मुलाला आधी विचारा. तासाला एकट्यानं लायब्ररीत जाऊन बसणं काही मुलांना फलकापेक्षा जास्त बोचतं.

तुमच्या नवऱ्याची भीती मी हलकी मानत नाही. ज्याचा प्रत्येक कागद कुणाच्यातरी टेबलावर पडून आहे, तो माणूस आवाज खाली ठेवायला शिकतोच. पण त्यांना एवढं सांगा, की मुलाचा सरकारी शाळेत शिकायचा हक्क आईबापांच्या व्हिसावर टांगलेला नाही. अगदी कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही तो आहे, असं १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, आणि तो खटला टेक्सासमधल्याच टायलर गावचा होता. शिक्षिकेला भेटणं, धडे बघायला मागणं, लेखी चिठ्ठी देणं ही पालकानं रोज करायची कामं आहेत. फलकाविरुद्ध दाव्यात नाव घालायचं की नाही हा वेगळा निर्णय, तो दोघांनी मिळून आणि वकिलाला विचारून घ्या. तुम्ही तो घेतला नाहीत तरी मी तुम्हाला भित्र्या म्हणणार नाही.

पुस्तकाबद्दल मात्र गप्प बसू नका. तक्रार गेली आहे, तर शाळेपुढे दुसरी बाजूही यायला हवी, नाहीतर शिक्षिका त्रास नको म्हणून कपाट रिकामं करतील. प्रिन्सिपलना कळवा, की माझा मुलगा ही पुस्तकं वाचतो, ती राहावीत. ज्यांना नको आहेत त्यांच्या मुलांसाठी शाळेनं जरूर वेगळी सोय करावी. हे दुसरं वाक्य गाळू नका. त्यामुळे त्या आईचीही बाजू तुमच्या तोंडून मांडली जाते.

राहिला वाढदिवस. थीम बदलायला मी सांगणार नाही, मुलानं ती हौसेनं निवडली आहे. पण मित्राचं काय करायचं ते मुलालाच ठरवू द्या. त्याला विचारा, 'तो त्या दिवशी येऊ शकत नाही, मग त्याच्याबरोबर तुला काय करायचंय?' मला वाटतं तो दुसऱ्या दिवशीचं काहीतरी काढेल. बागेत फुटबॉल आणि उरलेला केक.

ते ठरलं की त्या आईला फोन करा. मेसेज नको, मेसेजमध्ये आवाज ऐकू येत नाही. जादू, पुस्तक, फलक यातलं पहिल्या फोनवर काहीच काढू नका. वाढदिवसाला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या आईला तुम्ही विचारताच ना, शेंगदाणे चालतात का, अंडं चालतं का? त्याच सुरात म्हणा, "रविवारी मुलांना बागेत नेतेय, तुमचाही मुलगा यावा असं माझ्या मुलाला फार वाटतंय. त्याला काय चालतं आणि काय चालत नाही, ते मला सांगाल का?" आणि ती सांगेल ते लिहून घ्या.